चार धडका, चोवीस वर्षे: ऑलिम्पिक जहाजाचे प्रकरण

२१ जून १९११ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात एक नवेकोरे जहाज पहिल्यांदाच धक्क्याला लागत होते. लांबी ८८२ फूट ९ इंच, नोंदणीतले आकारमान ४५,३२४ टन. त्या दिवशी जगाच्या पाण्यावर याहून मोठे जहाज नव्हते. त्याला वळवून जागेवर आणायला बारा टगबोटी जुंपल्या होत्या. त्यांतली हॅलनबेक नावाची टग पिछाडीजवळ असताना जहाजाचा उजवा प्रोपेलर क्षणभर उलटा फिरला. तेवढ्या झटक्याने पाण्याचा लोंढा असा काही फिरला की टग गरकन वळली, जहाजावर आदळली आणि त्याच्या पिछाडीखाली अडकली. कशीबशी सुटली. टगच्या मालकाने १०,००० डॉलरचा दावा लावला, जहाज कंपनीने उलट दावा लावला आणि पुराव्याअभावी दोन्ही फेटाळले गेले.

जहाज होते व्हाइट स्टार लाइन कंपनीचे ‘ऑलिम्पिक’. कप्तान एडवर्ड स्मिथ. दहा महिन्यांनी हेच स्मिथ टायटॅनिकबरोबर बुडाले.

टायटॅनिकची गोष्ट मराठी वाचकाला नव्याने सांगायची गरज नाही. पण त्याच नकाशांवरून, त्याच गोदीत, शेजारच्याच जागेवर बांधलेले हे थोरले भावंड चोवीस वर्षे अटलांटिकवर ये-जा करत राहिले, याचा अभ्यास कमी होतो. जे बुडाले त्याची चौकशी होते. जे टिकले त्याला ‘नशीबवान’ म्हणून आपण पुढे जातो. ऑलिम्पिकला नशीबवान म्हणणे मला अजिबात पटत नाही. आपल्या कारकिर्दीत त्याने चार मोठ्या धडका दिल्या-घेतल्या, एक संप पाहिला, एक युद्ध पाहिले आणि दोनदा त्याचे पोट उघडून पुन्हा बांधले गेले. ते का टिकले आणि त्याच्या टिकण्याची किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटतात.

बांधणी

बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत १६ डिसेंबर १९०८ रोजी जहाजाचा कणा घातला गेला. गोदीच्या वहीत त्याचा क्रमांक ४००, टायटॅनिकचा ४०१. २० ऑक्टोबर १९१० रोजी ते पाण्यात उतरले. फोटो उठून दिसावेत म्हणून त्या दिवसापुरते त्याला फिकट रंग दिला होता. पोटात २९ बॉयलर होते. दोन प्रचंड वाफेची इंजिने बाजूचे दोन प्रोपेलर फिरवीत आणि त्यांतून उरलेल्या वाफेवर मधल्या प्रोपेलरची टर्बाइन चाले. काटकसरीची आणि हुशारीची रचना होती. पण ही टर्बाइन उलटी फिरत नसे, म्हणजे मागे जाताना मधला प्रोपेलर कामाचा नव्हता.

कंपनीचे धोरण स्पष्ट होते. वेगाचा मान क्युनार्ड कंपनीच्या मॉरिटानियाकडे होता, तो तिच्याकडेच राहू द्यावा आणि आपण आकार व आराम विकावा. म्हणून वेग २१ नॉटच्या, म्हणजे ताशी २१ सागरी मैलांच्या, आसपास ठेवला आणि जागा वाढवली. आकार एका उडीत इतका वाढला की पूर्वीच्या जहाजांवर पांढरे केस झालेल्या कप्तानांनाही हे जहाज नवखेच होते. हॅलनबेकच्या मालकाला ते पहिल्या दिवशीच कळले होते.

पहिली धडक: सोलंटची खाडी, २० सप्टेंबर १९११

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी या दुपारच्या पोटातून निघाल्या.

ऑलिम्पिक पाचव्या सफरीला साउदॅम्प्टनहून निघाले होते. सुकाणूची जबाबदारी जॉर्ज बोयर या पायलटकडे होती. पायलट म्हणजे बंदराचा वाटाड्या. त्या पाण्यात त्याला घेणे कायद्याने सक्तीचे होते. साउदॅम्प्टनच्या खाडीतून बाहेर पडले की समोर आइल ऑफ वाइट बेट येते. बेट आणि मुख्य भूमी यांच्यातली चिंचोळी सामुद्रधुनी म्हणजे सोलंट. ऑलिम्पिकने बुरुजाला वळसा घालावा तसा उथळ वाळूच्या पट्ट्याला वळसा घातला आणि पूर्वेकडे तोंड केले. त्याच वेळी पश्चिमेकडून एच.एम.एस. हॉक ही ब्रिटिश आरमाराची जुनी क्रूझर पोर्ट्समथकडे चालली होती. तिचा कप्तान कमांडर विल्यम ब्लंट. बघता बघता दोन्ही जहाजे एकाच दिशेने, शेजारी शेजारी चालू लागली. हॉक ऑलिम्पिकच्या उजव्या हाताला होती.

ऑलिम्पिकचा वेग वाढत होता आणि हॉक हळूहळू मागे पडत होती. अचानक हॉकचे तोंड डावीकडे, थेट ऑलिम्पिककडे वळले. सुकाणू उलटे फिरवूनही उपयोग झाला नाही. हॉक शत्रूचे जहाज धडक देऊन फोडता यावे अशी बांधलेली होती. तिच्या नाळेला, म्हणजे अगदी पुढच्या भागाला, पाण्याखाली पोलादी टोक होते. ते टोक ऑलिम्पिकच्या उजव्या पिछाडीत घुसले. पाण्याच्या रेषेच्या वर एक आणि खाली एक अशी दोन भगदाडे पडली, दोन कप्पे पाण्याने भरले, प्रोपेलरचा दांडा वाकला. हॉकची नाळ चेंगरून गेली. एकही माणूस मेला नाही. व्हायोलेट जेसप नावाची एक तरुण स्टुअर्डेस तेव्हा ऑलिम्पिकवर नोकरीला होती. पुढे टायटॅनिक आणि ब्रिटॅनिक या दोन्ही भावंडांच्या बुडण्यातून ती वाचली, तेव्हा या मालिकेची सुरुवात तिच्यासाठी इथेच झाली.

हॉक वळली कशी? कोणी वळवली नव्हती. दोन कागद जवळ धरून मधून फुंकर मारली तर ते लांब जाण्याऐवजी एकमेकांना चिकटतात, हे शाळेत आपण सगळ्यांनी केले आहे. दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी जोरात धावते, तिथला दाब उतरतो आणि बाहेरचे पाणी हलक्या जहाजाला आत ढकलते. पाणी उथळ असले की हा परिणाम आणखी वाढतो. आरमार आणि व्हाइट स्टार यांच्यात पुढे खटला चालला, त्यात आरमाराने नेमके हेच मांडले. अमेरिकी नौदलाचे जहाज-रचनाकार डेव्हिड टेलर यांनी हौदात लहान प्रतिकृती चालवून केलेल्या प्रयोगांच्या आधारे साक्ष दिली. व्हाइट स्टारचे म्हणणे उलट होते. हॉक मागून येऊन पुढे जायला बघत होती आणि मागच्याने अंतर राखायचे असते, तेव्हा चूक तिची.

न्यायालयाने आरमाराचे मानले. ही दोन जहाजे एकमेकांची वाट छेदणारी होती, हॉक उजव्या हाताला असल्याने तिला वाट देणे ऑलिम्पिकचे कर्तव्य होते आणि दुसऱ्या बाजूला भरपूर पाणी असताना ते तिच्या फार जवळ गेले, असा निकाल डिसेंबर १९११ मध्ये लागला. अपिले हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेली. १९१४ मध्ये तिथेही निकाल बदलला नाही.

निकालाचे दुसरे अंग मला जास्त बोलके वाटते. चूक ऑलिम्पिकची ठरली, पण जहाज सक्तीच्या पायलटच्या हाती असल्याने कायद्यानुसार मालक जबाबदार नव्हता. म्हणजे आरमाराला व्हाइट स्टारकडून भरपाई मिळाली नाही आणि व्हाइट स्टारला आरमाराकडून मिळण्याचा प्रश्नच नव्हता. जगातले सर्वांत मोठे जहाज चालवणारी कंपनी, त्याच जहाजाच्या चुकीला कायद्याने बांधील नव्हती! ही पळवाट १९१३ च्या पायलटेज कायद्याने बंद करायचे ठरले आणि ती प्रत्यक्षात १९१८ पासून बंद झाली. तोवर सरकारनेच लादलेल्या माणसाची चूक मालकाच्या माथी का मारायची, हा युक्तिवाद कागदावर निर्दोष दिसत होता.

आता परिणाम. ऑलिम्पिक स्वतःच्या बळावर परत आले, साउदॅम्प्टनला दोन आठवडे तात्पुरती ठिगळे लावून बेलफास्टला गेले आणि तिथे सहा आठवडे राहिले. दुरुस्ती लवकर व्हावी म्हणून टायटॅनिकसाठी तयार असलेला प्रोपेलरचा दांडा त्याला बसवला गेला आणि टायटॅनिकवरचे कारागीर इकडे वळवले गेले. टायटॅनिकची पहिली सफर २० मार्च १९१२ ला ठरली होती. ती १० एप्रिलवर गेली. सफर मार्चमध्येच झाली असती तर हिमनग त्याच्या वाटेत असता का, हा खेळ मला खेळायचा नाही. पण १० एप्रिलला साउदॅम्प्टनच्या धक्क्यावरून टायटॅनिक निघाले तेव्हा शेजारी बांधलेले ‘न्यूयॉर्क’ हे जहाज त्याच्या ओढीने दोर तोडून त्याच्याकडे ओढले गेले आणि टक्कर थोडक्यात टळली. कप्तान स्मिथ आणि पायलट बोयर तेच होते. हॅलनबेक, हॉक, न्यूयॉर्क: दहा महिन्यांत पाण्याने एकच गोष्ट तीनदा सांगितली.

आगवाल्यांचा संप

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ऑलिम्पिक न्यूयॉर्कहून परतीच्या वाटेवर होते, टायटॅनिकपासून सुमारे ५०० सागरी मैलांवर. कप्तान आता हर्बर्ट हॅडॉक होते. बिनतारी संदेश मिळताच त्यांनी सगळ्या भट्ट्या पेटवून जहाज त्या दिशेने सोडले. पोचणे शक्यच नव्हते. वाचलेल्यांना कार्पेथियाने उचलले होते. त्यांना आपल्याकडे घेण्याची तयारी हॅडॉकनी दाखवली, तेव्हा कार्पेथियाचे कप्तान रॉस्ट्रन यांनी नको म्हणून कळवले. बुडालेल्या जहाजाचे हुबेहूब रूप पुन्हा समोर उभे राहिले असते तर त्या माणसांचे काय झाले असते, हा विचार त्यामागे होता.

दहा दिवसांनी, २४ एप्रिलला, ऑलिम्पिक साउदॅम्प्टनहून सुटायच्या बेतात असताना २८४ भट्टीकामगार जहाज सोडून उतरले. आपल्या कोकणातल्या जहाजी लोकांनी ज्यांना ‘आगवाले’ म्हटले, तेच हे लोक. जहाजाच्या तळात, उष्म्यात, कोळसा ओढून भट्टीत टाकणारे. टायटॅनिकवरचे त्यांचे कित्येक सोबती आणि शेजारी नुकतेच गेले होते.

त्यांची तक्रार साधी होती. टायटॅनिकवर २० होड्या होत्या आणि त्यांत ११७८ माणसांचीच सोय होती. हे बेकायदा नव्हते. नियमच १०,००० टनांपर्यंतच्या जहाजांसाठी लिहिलेला होता आणि त्यावरच्या सगळ्यांना १६ होड्या पुरेशा मानल्या जात. आता बोभाटा झाल्यावर कंपनीने घाईघाईने लष्करी वाहतुकीच्या जहाजांवरून ४० घडीच्या होड्या आणून ऑलिम्पिकवर चढवल्या. कापडी बाजूंच्या त्या जुन्या होड्यांपैकी काही कुजलेल्या होत्या, काही उघडतच नव्हत्या. कामगारांनी लाकडी होड्या मागितल्या. व्यवस्थापकाचे उत्तर आले की ते अशक्य आहे आणि सरकारी निरीक्षकाने याच होड्या पास केल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी संपकऱ्यांच्या प्रतिनिधींसमोर चार होड्या पाण्यात टाकून पाहिल्या. एक निकामी निघाली. ती बदलली तर कामावर येतो, इथवर बोलणे आले होते. पण दरम्यान कंपनीने बाहेरून माणसे भरली होती आणि त्यांना उतरवायला ती तयार नव्हती. या अननुभवी माणसांबरोबर समुद्रावर जाणे धोक्याचे आहे म्हणत आणखी ५४ खलाशी उतरले. त्यांना बंडाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. ४ मे रोजी पोर्ट्समथच्या न्यायाधीशांनी आरोप सिद्ध झाल्याचे सांगितले आणि परिस्थिती पाहता ना दंड, ना कैद, असे म्हणून सर्वांना सोडून दिले. लोकमत कुठे झुकले आहे हे कंपनीलाही दिसत होते. माणसे परत कामावर आली आणि १५ मे रोजी जहाज सुटले.

हे ५४ खलाशी आणि २८४ आगवाले ऑलिम्पिकच्या गोष्टीत सहसा तळटीपेत असतात. मला ते मध्यभागी हवे आहेत. कारण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जहाज बेलफास्टला परत गेले आणि त्यावर अडीच लाख पौंड खर्च झाले. होड्या २० च्या ६८ झाल्या. बॉयलर आणि इंजिनाच्या खोल्यांच्या बाजूंना आतून दुसरी पोलादी कातडी चढवली. पाच आडभिंती थेट बी डेकपर्यंत, पाण्याच्या रेषेपासून सुमारे ४० फूट उंच नेल्या, आणखी एक भिंत घातली. टायटॅनिकच्या रचनेत पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल एवढी तयारी होती. नव्या ऑलिम्पिकमध्ये सहा कप्प्यांपर्यंतची झाली. म्हणजे कामगार म्हणत होते ते खरे होते, हे कंपनीने पोलादात लिहून दिले. १९१३ च्या वसंतात अटलांटिकवर परतलेले ऑलिम्पिक आतून वेगळेच जहाज होते. नशीब शोधायचे असेल तर ते या सहा महिन्यांच्या कामात शोधावे.

युद्ध आणि दुसरी धडक

२७ ऑक्टोबर १९१४ रोजी आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्याजवळ ऑलिम्पिकला एच.एम.एस. ऑडेशस ही नवी युद्धनौका सुरुंगावर आदळून बुडताना दिसली. बाराच दिवस आधी जुनी हॉक जर्मन पाणबुडीने बुडवली होती आणि तिच्यावरची पाचशेहून जास्त माणसे गेली होती. हॅडॉकनी ऑडेशसला दोर बांधून ओढायचा प्रयत्न केला. दोर तुटत राहिले, रात्री ती स्फोट होऊन बुडाली. आरमाराने ही बातमी दडपायचे ठरवले आणि ऑलिम्पिकला लॉख स्विलीच्या खाडीत अडकवून ठेवले. प्रवाशांना उतरायची मुभा नव्हती. पण अमेरिकी प्रवाशांकडे कॅमेरे होते. नोव्हेंबरमध्येच अमेरिकेच्या वर्तमानपत्रात बातमी आली. ब्रिटनने मात्र ती १९१८ मध्ये युद्ध संपेपर्यंत मान्य केली नाही.

सप्टेंबर १९१५ मध्ये जहाज सैन्यवाहतुकीसाठी घेतले गेले आणि बर्ट्रम हेज त्याचे कप्तान झाले. पहिल्याच महिन्यात ग्रीसच्या दक्षिणेला त्यांना बुडालेल्या फ्रेंच जहाजाच्या होड्या दिसल्या. हजारो सैनिक पोटात घेऊन पाणबुड्यांच्या पाण्यात थांबणे हा धोका होता. हेज थांबले, माणसे उचलली. ब्रिटिश आरमाराने कान उपटले, फ्रेंचांनी पदक दिले. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर होते असे मला वाटते, आणि हेज यांच्या जागी मी असतो तर काय केले असते हे मला ठरवता येत नाही.

त्यानंतर हॅलिफॅक्सहून कॅनडाचे आणि पुढे अमेरिकेचे सैनिक युरोपला नेण्याचे काम त्याने इतक्या नेमाने केले की ‘ओल्ड रिलायबल’, म्हणजे भरवशाचे जुने, हे नाव त्याला चिकटले. अंगावर शत्रूचा अंदाज चुकवणारे वेडेवाकडे पट्टे रंगवलेले होते. सुमारे दोन लाख माणसे, १,८४,००० मैल, ३,४७,००० टन कोळसा, असा हिशेब सांगतात.

१२ मे १९१८ च्या पहाटे इंग्लिश खाडीच्या तोंडाशी, अमेरिकी सैनिक घेऊन जाताना, समोर पृष्ठभागावर यू-१०३ ही जर्मन पाणबुडी दिसली. तोफा सुरू झाल्या आणि हेजनी जहाज सरळ तिच्यावर घातले. पाणबुडी बुडी मारून समांतर व्हायला बघत होती. नाळ तिच्या मनोऱ्याच्या मागे लागली आणि डाव्या प्रोपेलरने तिचे पोलादी अंग चिरले. सैनिकांनी भरलेले जहाज थांबले नाही, वाचलेल्या जर्मनांना नंतर अमेरिकी विनाशिकेने उचलले. ती पाणबुडी ऑलिम्पिकवरच टॉर्पेडो सोडायच्या तयारीत होती आणि मागच्या नळ्यांत पाणी भरता न आल्याने चुकली, हे पुढे कळले. चार धडकांपैकी ही एकच जाणूनबुजून दिलेली.

युद्धानंतर बेलफास्टच्या सुक्या गोदीत जहाज चढवले तेव्हा पाण्याखाली एक खोलगट पोचा आणि मध्ये चीर सापडली. न फुटलेल्या टॉर्पेडोची ती खूण होती. कधी लागला, कोणाला कळलेही नव्हते. नशीब हा शब्द मी एवढ्या एका ठिकाणी मान्य करतो.

तेलाचे दिवस

१९१९-२० मध्ये जहाज कोळशावरून तेलावर आले. ज्या भरणीला दिवस लागत ती आता पाच-सहा तासांत होऊ लागली, आणि तळातली माणसे ३५० वरून ६० वर आली. काम अमानुष होते, ते गेले हे चांगलेच झाले. पण साउदॅम्प्टनच्या ज्या गल्ल्यांनी १९१२ चा संप केला होता, त्यांच्या घरातली मिळकतही त्याबरोबर गेली.

१९२० च्या दशकाची सुरुवात भरभराटीची होती. १९२१ मध्ये ३८,००० प्रवासी झाले. चार्ली चॅप्लिन त्याच वर्षी याच जहाजाने मायदेशी आला. पण ऑलिम्पिकसारखी जहाजे वरच्या झगमगाटावर चालत नसत. तिसऱ्या वर्गाने अमेरिकेला निघालेला गरीब स्थलांतरित हा त्यांच्या पोटाचा आधार होता. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी अमेरिकेने तो दरवाजा जवळजवळ बंद केला. मग त्याच जागेला रंगरंगोटी करून ‘टूरिस्ट’ वर्ग म्हणून विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना ती विकली जाऊ लागली.

तिसरी धडक या काळातली, २२ मार्च १९२४. न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून मागे येताना ऑलिम्पिक ‘फोर्ट सेंट जॉर्ज’ या लहान प्रवासी जहाजाला लागले. लहान जहाजाचे मोठे नुकसान झाले. ऑलिम्पिकचे वरवर काही दिसले नाही, पण पिछाडीची पोलादी चौकट तडकली होती आणि पुढे ती पूर्ण बदलावी लागली.

चौथी धडक: नॅन्टकेट, १५ मे १९३४

अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर, नॅन्टकेटच्या उथळ पाण्यापाशी, एक दीपनौका कायम नांगरलेली असे. दीपगृह बांधता येत नाही तिथे दिवा, भोंगा आणि रेडिओ घेऊन उभी राहणारी नौका. युरोपहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या प्रत्येक जहाजाची ती खूणगाठ. तेव्हाची नौका एलव्ही-११७, तीनच वर्षे जुनी, वर ११ माणसे.

रेडिओ बीकन, म्हणजे दीपनौकेवरून रेडिओ संकेत सोडणारे यंत्र, आल्यापासून धुक्यातले काम सोपे झाले होते. जहाजावरच्या यंत्राने बीकनची दिशा पकडायची आणि त्या दिशेने चालत राहायचे. अडचण अशी की तंतोतंत पाळले तर तुम्ही बरोबर बीकनवरच जाऊन पोचता. जितके चांगले यंत्र, तितका नेमका धोका. जानेवारी १९३४ मध्येच वॉशिंग्टन हे प्रवासी जहाज याच दीपनौकेला घासून, तिच्यावरचे सामान मोडून गेले होते. त्यानंतर चार महिने त्या अकरा जणांनी प्रत्येक धुक्यात कान टवकारून काय ऐकले असेल, याचा विचार केल्याशिवाय मला हा प्रसंग वाचता येत नाही. त्यांना नांगर उचलून बाजूला होता येत नव्हते. जागेवर राहणे हेच त्यांचे काम होते.

१५ मेच्या सकाळी दाट धुके होते. कप्तान जॉन बिंक्स बीकनच्या दिशेने येत होते, वेग कमी केला होता, बीकन एका बाजूला राहील असे तोंडही थोडे वळवले होते. अंदाज चुकला. धुक्यातून दीपनौका अगदी समोर उगवली. सुकाणू फिरवले, इंजिने उलटी केली, पण एवढे ओझे थांबणार किती अंतरात? ऑलिम्पिक तिच्यावरून गेले. जहाजावरच्या कित्येक प्रवाशांना जेमतेम हिसका जाणवला. होड्या सोडून सात जणांना पाण्यातून काढले, त्यांतले तिघे नंतर वारले. अकरांपैकी चार उरले.

हॅलनबेकपासून नॅन्टकेटपर्यंत पाहिले तर आकृती ठळक दिसते. मोठ्या जहाजाने केलेल्या चुकीचा मार लहान जहाजाने खाल्ला. ऑलिम्पिकला १९१३ मध्ये दुहेरी कातडी मिळाली, पण त्याच्या वाटेत उभ्या असलेल्या नौकांना कोणी दिली नव्हती. ती मिळाली या अकरा जणांनंतर. ब्रिटनकडून आलेल्या भरपाईतून १९३६ मध्ये एलव्ही-११२ ही नवी दीपनौका बांधली गेली, जाड अंगाची आणि अनेक कप्प्यांची. ती आजही बोस्टनच्या बंदरात जपून ठेवलेली आहे.

जॅरो

त्याच मे महिन्यात व्हाइट स्टार आणि क्युनार्ड यांचे एकत्रीकरण झाले. मंदी होती, प्रवासी नव्हते आणि नव्या ‘क्वीन मेरी’ची वाट पाहणाऱ्या कंपनीला जुनी जहाजे नको होती. २७ मार्च १९३५ रोजी ऑलिम्पिक शेवटच्या सफरीला निघाले आणि १२ एप्रिलला परत आले. एकूण २५७ फेऱ्या, ४,३०,००० प्रवासी. इंजिने अजून ठणठणीत होती.

इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीकाठी जॅरो नावाचे गाव आहे. पामर्स ही जहाजबांधणीची गोदी म्हणजेच तिथला रोजगार. ती १९३३ मध्ये बंद पडली आणि गावातले दर दहांत सातांहून जास्त कामगार रिकामे बसले. सर जॉन जार्व्हिस या श्रीमंत गृहस्थांनी ऑलिम्पिक सुमारे एक लाख पौंडांना विकत घेतले आणि ते जॅरोतच तोडायचे, या अटीवर भंगाराच्या कंपनीला दिले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी जहाज टाइनमध्ये शिरले, तेव्हा काठावर माणसांची रांग होती. जहाजे बांधणारे हात आता एक जहाज तोडायला मिळाले म्हणून आभार मानत होते.

आधी आतल्या सामानाचा लिलाव झाला, दहा दिवस. कोरीव ओकचे तक्ते, जिने, आरसे, खुर्च्या. अॅल्नविकमधल्या व्हाइट स्वान हॉटेलच्या मालकाने पहिल्या वर्गाच्या दिवाणखान्याचे तक्ते घेतले आणि आपल्या जेवणघराला बसवले. ते अजून तिथे आहेत. मग गॅसच्या ज्योती लागल्या आणि डेकमागून डेक खाली उतरू लागले.

हे काम काही शेकडा माणसांना आणि काही काळच पुरणारे होते. ५ ऑक्टोबर १९३६ रोजी जॅरोचे २०० पुरुष काम मागायला पायी लंडनला निघाले. खासदार एलन विल्किन्सन त्यांच्या बाजूने उभ्या होत्या. ते निघाले त्या सकाळी ऑलिम्पिकचा उरलेला सांगाडा नदीतच उभा होता. पुढल्या सप्टेंबरमध्ये त्याचा राहिलेला तळ टगने ओढत स्कॉटलंडमधल्या इनव्हरकिदिंगला नेला आणि तिथे तो शेवटचा कापला गेला.